नऊ जणांचा खांब

आमच्या चौकाला आता नाव उरलेलं नाही. पाटीवर एक आहे, कुणा पुढाऱ्याच्या वडिलांचं, पण ते तोंडात घेत नाही कुणी. ऑटोवाल्याला सांगायचं तर लकडगंज ओलांडलं की पुलाचा उतार लागतो ना, त्याच्या तोंडाशी, असं पाल्हाळ लावावं लागतं. आधी नुसतं ‘खांब’ म्हटलं की भागायचं. भिवापूरहून मिरचीची पोती घेऊन येणारे ट्रकवाले माणसांना खांबाशी उतरवून द्यायचे आणि उमरेडची एसटी थांबा नसताना तिथं हळू व्हायची.

खांब गेला त्याला सहा वर्षं झाली. लोक म्हणतात, सरकारनं पाडला. सरकारला शिव्या घालणं सोपं असतं; मीही बरेच दिवस पानठेल्यावर उभा राहून तेच केलं. पण तो कसा गेला हे मला नीट माहीत आहे, कारण त्यात माझा हात होता. आता वय झालंय, कुणी विचारत नाही, तरी एकदा लिहून टाकतो.

खांब नऊ माणसांचा होता. मी सहा वर्षांचा असताना इथल्या एका लाकडाच्या वखारीत आग लागली. भर दुपारी. उन्हाळ्यात हमाल आणि लाकूड चिरायच्या आरा मशीनवरचे मजूर जेवण झालं की सागवानाच्या थप्प्यांमधल्या सावलीत अंग टाकायचे, कारण वखारीत तेवढीच जागा थंड. आग भुशात लागली. लाकडाचा भुसा पेटतो तेव्हा आधी ज्वाळा दिसतच नाही, तो नुसता आतल्या आत धुमसत पुढे सरकतो. थप्प्या कोसळल्या तेव्हा मध्ये नऊ जण झोपलेले होते. त्यांतले एक माझे वडील.

कोण कुठला हे ओळखता आलं नाही. नऊ जणांची एकच चिता रचली, आणि तिला लागलेलं लाकूड वखारवाल्यांनी फुकट दिलं. हे सांगणारे लोक व्यापाऱ्यांचं कौतुक म्हणून सांगायचे. माझं मस्तक फिरतं अजून. राखही अर्थात एकच झाली. ती नऊ गाडग्यांत वाटली. कुणाच्या गाडग्यात कोण गेलं, देवाला माहीत. मग व्यापाऱ्यांनीच वर्गणी काढली आणि जिथं त्या वखारीचं फाटक होतं, नेमकं तिथं चौकात हा खांब उभा केला. काळ्या दगडाचा, चौकोनी, दीड पुरुष उंच, वर छोटा कळस. चार बाजूंना नावांच्या चार पाट्या. दक्षिणेच्या पाटीवर तीन नावं, बाकी तिन्हींवर दोन-दोन. माझ्या वडिलांचं पूर्वेला, खालच्या ओळीत.

आमच्याकडे अक्षय तृतीया पित्रांची. मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्या गळ्याला पांढरा दोरा गुंडाळायचा, वर डांगर, म्हणजे खरबूज, नाहीतर आंबा ठेवायचा, समोर पत्रावळीवर चिंचवणी, शेवया, कुरडया. आपलं जे माणूस गेलं त्याला उन्हाळ्यात पाणी पोचावं, एवढाच त्याचा अर्थ. सगळे लोक घरी करतात. आमची नऊ घरं मात्र खांबाशी करायची. जो आगीत गेला त्याला पाणी तिथंच द्यावं, असं त्या नऊ बायकांपैकी कुणीतरी पहिल्या वर्षी म्हणाली आणि तीच रीत पडली. वैशाखातल्या उन्हात खांबाभोवती नऊ घागरी, नऊ बायका आणि आम्ही सगळी पोरं चटके बसणारे पाय नाचवत उभी, हे मला अजून दिसतं.

माझी आई त्या बायकांत सगळ्यात लहान. पुढे ती दुसऱ्या एका वखारीत भुसा झाडायच्या कामाला लागली आणि मला वाढवलं. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं. पण पूर्वेच्या पाटीची खालची ओळ तिला बोटांना पाठ होती. घागर ठेवायच्या आधी ती त्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे एकदा हात फिरवायची, आणि शेवटच्या अक्षराशी थोडी थांबायची. काय म्हणायची मनात, मी कधी विचारलं नाही.

सुरुवातीची काही वर्षं हार आले, भाषणं झाली. मग ते थांबलं. एका बाजूला चहाची टपरी लागली, तिचा बांबू खांबालाच बांधलेला. दुसऱ्या बाजूला बारा महिने कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर. एकदा कुणी मोठा माणूस त्या रस्त्यानं जाणार होता म्हणून एका दिवसात सगळ्या चौकाला रंगरंगोटी झाली, आणि खांबाला वरपासून खालपर्यंत पांढरा ऑइल पेंट फासला. कोरलेली अक्षरं पेंटनं भरून गेली. पाट्या दात पडलेल्या बोळक्यासारख्या सपाट झाल्या. आईनं कामावरून येताना ते पाहिलं आणि आमच्या ओळीच्या जागी हात ठेवला.

“यायनं त्यायचं नावच लिपून टाकलं गा,” एवढंच म्हणाली.

मग दोन महिने ती रोज कामावरून येताना तिथं थांबायची आणि केसांतला आकडा काढून आमच्या ओळीतला पेंट खरवडायची. एक-एक अक्षर. येणारे-जाणारे हसायचे. आमची ओळ झाल्यावर तिनं वरची ओळही केली, कारण त्या घरची बाई तेव्हा आजारी होती. त्या पेंटचा राग माझ्या मनात कायमचा बसला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या रागातून झालं.

मी मोठा झाल्यावर लाकडाच्याच धंद्यात गेलो. एका डेपोत मुन्शी. जंगलातून आलेल्या लाकडाची लांबी-गोलाई मोजायची, घनफूट काढायचे आणि प्रत्येक नगाच्या तोंडावर, म्हणजे कापलेल्या गोल बाजूवर, नंबर टाकायचा. आमच्याकडे नंबर गेरूनं टाकतात. गेरू पाण्यात दाट कालवायचा आणि काडीला चिंधी बांधून लिहायचं. लाकूड तो पिऊन घेतं. तीन पावसाळे लाकूड उघड्यावर पडलं तरी नंबर वाचता येतो. पस्तीस वर्षं मी आकडे टाकले, एकही चुकला नाही. याची मला घमेंड होती, आणि बाजारात ती सगळ्यांना ठाऊक होती.

मग सिमेंटचा रस्ता आला, त्याच्यामागून पूल. खांब मध्ये येत होता. शिवाय आमच्या शेठचे लांब ट्रेलर चौकात वळत नव्हते, ते त्याला कधीचं खुपत होतं. शेठनं मला आत बोलावून खुर्ची दिली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

“मुन्शीजी, लोक तुमचं ऐकतात. नऊ घरची ना हरकत आणून द्या. दोन महिन्यांचा सवाल आहे. रस्ता झाला की खांब बाजूला, शानसे, परत उभा राहील.”

मी फुगलो. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, खांबाचं आता खरोखर काही चांगलं होणार, आणि ते माझ्या हातून. रस्त्याचं काम पाहणाऱ्या सरकारी ऑफिसातून कागद आणला. त्यात दोन परिच्छेद होते. पहिल्यात, खांब काढून सुरक्षित ठेवण्यात येईल, असं. दुसऱ्यात, सदर जागेवर वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही आणि तो पुन्हा उभारायचा की नाही याबाबत कार्यालयाचा निर्णय अंतिम राहील. मी तिथल्या बाबूला त्या दुसऱ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, “फॉरमॅट आहे हो, सगळ्याच कागदात असते.” मी घडी घालून खिशात ठेवला.

त्या मूळच्या नऊ बायकांपैकी एकच जिवंत होती, माझी आई. तिचा अंगठा पहिला घेतला की बाकीचे मागून येतील, हे मला माहीत होतं. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

“काय लिवलं हाय गा त्याच्यात?”

“खांब काढून राहिले. रस्ता झाला का परत लावतेत.”

“कवा लावतेत?”

“अक्षय तृतीयेच्या आंधी.”

ही मुदत कागदात कुठंच नव्हती. माझ्या तोंडाला आली आणि मी बोललो. तिनं हात पुसला, अंगठा शाईवर ठेवला, कागदावर दाबला आणि वाकून पाहिलं. “नीट उठला का पाह्य,” म्हणाली. नीट उठला होता. त्याच्यावर बाकीच्या आठ घरांनी आठ दिवसांत सह्या केल्या. एकानंही कागद वाचला नाही. म्हणाले, आजीनं देला ना आंगठा, मग झालं.

जानेवारीत खांब उतरवायला माणसं आली. सोबत ऑफिसचा एक तरुण इंजिनिअर होता. पोरगा चांगला होता. तो म्हणाला, काका, प्रत्येक दगडाला नंबर टाकू, म्हणजे परत लावताना चूक व्हायची नाही. त्याच्या हातात लाल ऑइल पेंटचा डबा होता. तो डबा पाहिल्याबरोबर माझं डोकं सटकलं.

“पेंट लावून काहून खराब करता? स्मारक हाय ते. गेरूनं टाकतो मी. तुम्ही जन्मले नव्हते तवापासून नंबर टाकून राहिलो.”

तो म्हणाला, दगडावर गेरू टिकेल का? मी त्याला सरळ सांगितलं की शिकवू नकोस. लोक जमले होते, दोन-चार हसले, त्या बिचाऱ्यानं डबा खाली ठेवला. मग मी चिंधीची काडी घेऊन एकेका दगडावर नंबर टाकला, कोणत्या बाजूचा ते लिहिलं, वर कुठली बाजू ते दाखवायला बाण काढला. अगदी सुबक. चारही पाट्या गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधल्या आणि गोणपाटावरही गेरूनंच लिहिलं. टिप्पर भरून गेला तेव्हा आईनं लांबूनच हात जोडले. मला तेव्हा फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

लाकूड गेरू पितं. दगड पीत नाही. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, घरची फरशी पुसणाऱ्या बाईलाही कळतं. पण जो माणूस जन्मभर लाकडावरच लिहीत आला, त्याला ते सुचलं नाही.

दोन महिन्यांचे चार झाले. अक्षय तृतीया आली तेव्हा चौकात लोखंडी पत्रे आणि खड्डा होता. मी आईला म्हटलं, या वर्षी घरीच कर. ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी काही अभद्र बोललो.

“घरी काहून? ते घरी मेले का?”

तिनं घागर पत्र्यांना टेकवून ठेवली. बाकीच्या घरांतून तीन बायका आल्या, सुना. त्यांनी त्या वर्षी केलं, पुढच्या वर्षी आल्या नाहीत.

पावसाळा गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, मी दगड पाहायला गेलो. आधी का गेलो नाही? गेलो नाही. ऑफिसनं दगड नेऊन ठेवले ते आवार शहराच्या बाहेर, उमरेड रोडच्या अंगाला. आत पाहिलं तर शहरभरच्या चौकांतून उपटलेलं सगळं तिथं आणून टाकलेलं होतं: कठडे, चबुतरे, कारंज्यांची भांडी, कुण्या पुतळ्याचे नुसते बूट. आणि सगळीकडे काळे दगड. हजारोंनी. सगळे पावसानं धुऊन लख्ख झालेले. एका दगडाच्या खोबणीत मला जरासा लाल डाग दिसला. मी तिथं ओणवा बसून त्याच्यावर थुंकी लावून पाहिली. आकडा नव्हता, नुसता डाग होता.

गोणपाट कुठंच नव्हतं. चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, फरशीसारखे होते ते का? नेले कुणीतरी. आवाराच्या नळाखाली त्याची बायको कपडे धूत होती, आणि ज्या दगडावर आपटत होती तो मला ओळखू आला. पाटीच होती. अक्षरांची बाजू वर, कारण कोरलेल्या जागी मळ लवकर निघतो, असं ती म्हणाली. बाई चांगली होती, कपडे बाजूला करून मला पाहू दिलं. तीन नावं होती. तीन म्हणजे दक्षिणेची. वडिलांचं नाव त्यावर असणार नव्हतं.

मी उठलो आणि निघून आलो. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. ते तिघं माझ्या वडिलांच्या शेजारी जळले होते, त्यांच्या घरची माणसं मला काका म्हणतात, आणि आपलं नाव नाही म्हटल्यावर मी पाटी तशीच साबणाच्या फेसात सोडून बसनं घरी आलो. दोन महिन्यांनी मनाला फारच टोचायला लागलं तेव्हा गाडी घेऊन गेलो. तोवर चौकीदार बदलला होता आणि नळाखाली दुसराच दगड होता.

आईला मी सांगितलं, दगड आहेत, काम सुरू व्हायचंय. पूल झाला. मध्ये दुभाजक झाला, त्यात कण्हेरी लावली. जिथं खांब होता तिथं पुलाच्या उताराचा कठडा आला. तिसऱ्या वर्षी आई एक दिवस सकाळी लुगडं बदलून तयार होऊन बसली. “चाल, हापिसात जाऊ. म्या इचारतो त्यायले,” म्हणाली. बऱ्याच बायका आमच्याकडे बोलताना ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. तिथं तो कागद निघणार, हे मला कळलं. टाळायचा प्रयत्न केला, पण ती ऐकायला तयार नव्हती.

ऑफिसातल्या बाबूनं फाइल काढली. माणूस वाईट नव्हता, म्हातारी पाहून खुर्ची दिली. आणि मग त्यानं जे मी केलं नव्हतं ते केलं: सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. दुसरा परिच्छेदही. हक्क राहणार नाही, निर्णय अंतिम राहील.

“तुमच्या घरच्यांनीच लिहून देलं आजी. हा पहिला आंगठा तुमचाच ना?”

आईनं कागद जवळ घेतला, तिरका करून उजेडात धरला. बराच वेळ पाहिलं.

“हो. माह्याच हाय.”

मी तिच्या मागे उभा होतो. वाटलं, आता ती वळून माझ्याकडे पाहील. पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, रस घेते का उसाचा? नको म्हणाली. ऑटो करून घरी आलो.

त्यानंतर ती शेजारणीला, आल्या-गेल्याला, माझ्या बायकोलाही सांगायची, “म्याच आंगठा देल्ला बाई. मलेच अक्कल नाही.” मी आतल्या खोलीतून ऐकायचो. एकदाही बाहेर येऊन म्हटलं नाही की आई, तुला वाचून दाखवलं नाही ते मी. उलट तिनं असं बोलायला सुरुवात केल्यावर मला हायसं वाटलं. कुणी माझ्याकडे बोट दाखवणार नव्हतं. गेरूचं तर कुणाला ठाऊकच नव्हतं, त्या इंजिनिअर पोराखेरीज. आणि त्याची बदली झाली होती.

ती दर वर्षी दुभाजकावर घागर ठेवायला जात राहिली. एकदा एका मोटारसायकलवाल्याचा धक्का लागून घागर फुटली आणि पाणी सिमेंटवर पडल्या पडल्या वाळलं. मी तिच्यावर ओरडलो. दुसऱ्या वर्षी ती दोन घागरी घेऊन निघाली, एक फुटली तर असावी म्हणून.

शेवटच्या वर्षी तिच्यानं चालवत नव्हतं. सकाळी दहालाच ऊन अंगाला चावत होतं. ऑटोतून उतरवून मी तिला दुभाजकावर बसवलं आणि घागर घेऊन शेजारी उभा राहिलो. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या, प्रत्येक जण हॉर्न देत होता. तिनं पुलाच्या कठड्यावरून हात फिरवला. डावीकडून उजवीकडे. नवं सिमेंट, गुळगुळीत, काहीच नव्हतं त्यावर. मग ती बोलायला लागली. हळू नाही, गाड्यांच्या आवाजात त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं.

“तुमची जागा म्या घालवली. आंगठा म्या देल्ला. मले जे बोलाचं ते बोला. पोराले बोल लावू नका. त्यानं कागद वाचला नसन. वाचला असता त मले सांगतलं असतं त्यानं.”

मग माझ्याकडे हात करून म्हणाली, ठेव घागर. मी ठेवली. तिला काखेत धरून रस्ता ओलांडवला, ऑटोत बसवलं, घरी आणलं. त्यानंतर ती चार महिने होती, रोज दोन वेळा मी तिला हातानं भरवत होतो. त्या चार महिन्यांतही मी तिला सांगितलं नाही.